आठ माणसे, सहा दिवस आणि रोजचे बत्तीस लिटर पाणी

आदली संध्याकाळ

डोंगरातील सहा दिवसांच्या भ्रमंतीसाठी आम्ही आठ जण एकत्र जमलो, तेव्हा सामानाच्या यादीत पाण्याच्या नावापुढे 'फिल्टर : १ नग' एवढेच लिहिलेले होते. मला ते पुरेसे वाटले नाही, आणि त्याला कारण होते. दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका भ्रमंतीत आमच्याजवळ उत्तम फिल्टर होता, आम्ही रोज पाणी गाळूनच प्यालो होतो आणि तरीही घरी परतल्यावर दहा-बारा दिवसांनी पाचांपैकी तिघांची पोटे बिघडली. तपासणीत जिआर्डिया निघाला. हा परजीवी पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणपणे एक ते तीन आठवडे जातात, त्यामुळे तो नेमका कोणत्या घोटातून आला हे शोधणे व्यर्थच होते. पण पुढे फोटो पाहताना एका फोटोत मी ज्या मगाने ओढ्याचे पाणी फिल्टरच्या पिशवीत ओतत होतो, तोच मग पुढच्या फोटोत एका सोबत्याच्या ओठाला लागलेला दिसला. फिल्टरने त्याचे काम केले होते. आम्ही आमचे केले नव्हते.

म्हणून या वेळी सर्वप्रथम हिशेब मांडला. पिण्यासाठी माणशी तीन लिटर आणि स्वयंपाक व भांड्यांसाठी एक, म्हणजे आठ जणांना दिवसाला बत्तीस लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझे, तेव्हा हे सारे पाणी पाठीवर नेणे अशक्य. ते वाटेतच मिळवायचे आणि वाटेतच शुद्ध करायचे. साधने अशी ठरली : उंच टांगून वापरायचा, पोकळ तंतूंचा, ०.१ मायक्रॉनच्या छिद्रांचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), चार लिटर पिशवीचा मोठा फिल्टर. हाताने पिळून वापरायचा एक छोटा फिल्टर. क्लोरीन डायऑक्साइडच्या साठ गोळ्या. आणि स्टोव्हसाठी २३० ग्रॅमचे तीन गॅस कॅनिस्टर. एकाने आयोडीनची बाटली पुढे केली, ती आम्ही मागेच ठेवली, कारण गटातील एकीला थायरॉईडचा विकार होता आणि क्रिप्टोस्पोरिडियम या पाण्यातून पसरणाऱ्या दुसऱ्या परजीवीवर आयोडीनचा भरवसा धरता येत नाही.

याहून महत्त्वाची ठरली ती लाल आणि निळी चिकटपट्टी. ओढ्यातून काढलेल्या पाण्याला आम्ही 'कच्चे' म्हणायचे ठरवले आणि शुद्ध केलेल्याला 'पक्के'. कच्च्या पाण्याला स्पर्श होणाऱ्या प्रत्येक पिशवीवर, भांड्यावर आणि नळीच्या टोकावर लाल पट्टी, पक्क्याच्या वस्तूंवर निळी. रोज दोन पाणके नेमायचे. त्यांतील एकाने फक्त लाल वस्तू हाताळायच्या आणि दुसऱ्याने फक्त निळ्या. गटातील सर्वांत ज्येष्ठ काका, ज्यांनी आयुष्यभर डोंगर तुडवले आहेत, हे ऐकून हसले. "सोवळ्या-ओवळ्याचं प्रकरण दिसतंय," असे ते म्हणाले, आणि पुढचे सहा दिवस आमच्या निळ्या पाणक्याला 'सोवळेकरी' हेच नाव पडले.

पहिला दिवस

जंगलातील चढ, सावली आणि तासाभराच्या अंतराने ओढे. प्रत्येकाच्या सॅकमध्ये घरचे दोन लिटर पाणी होते, ते दुपारपर्यंत पुरले. पहिल्या ओढ्याशी थांबलो तेव्हा तळाचा गोटा न् गोटा दिसत होता. काकांनी ओंजळ पुढे केलीच होती. "अहो, एवढं नितळ पाणी! याला काय गाळायचं?" मी वाद घातला नाही, त्यांना फक्त माझ्याबरोबर प्रवाहाच्या वरच्या अंगाला चला म्हणालो. तीनशे पावलांवर ओढ्याच्या दोन्ही काठांना मेंढ्यांच्या लेंड्यांचा थर होता आणि चिखलात खुरांचे ताजे ठसे. काका काही बोलले नाहीत, ओंजळ मात्र पुन्हा पुढे झाली नाही.

नितळपणा फसवा असतो, याचे कारण आकारात आहे. जिआर्डियाची पुटी, म्हणजे पाण्यात टिकून राहणारे त्याचे कवचबंद रूप, ८ ते १२ मायक्रॉनची आणि क्रिप्टोस्पोरिडियमची ४ ते ६ मायक्रॉनची. आजार घडवण्याइतक्या पुट्या पाण्यात असल्या तरी पाण्याला रंग येत नाही, वास येत नाही, चव येत नाही. ०.१ मायक्रॉनच्या छिद्रांतून त्या आणि बहुतेक जिवाणू अडतात. विषाणू त्याहून लहान असल्यामुळे निसटू शकतात, परंतु माणसांना बाधणारे पाण्यातील विषाणू मुख्यतः माणसांच्याच विष्ठेतून येतात. वर वस्ती नव्हती, तेव्हा या टप्प्यात नुसत्या गाळण्यावर विसंबायचे आम्ही ठरवले. प्रवाहाच्या वर काय आहे हे न पाहता असा निर्णय घेता येत नाही, म्हणून पाणी भरण्यापूर्वी काही अंतर वर चालून येणे हे लाल पाणक्याचे काम ठरले.

मुक्कामाला पोहोचल्यावर पिशवी झाडाच्या फांदीला टांगली. नवा फिल्टर मिनिटाला दीड लिटर पाणी देत होता; बत्तीस लिटरना वीस-बावीस मिनिटे लागावीत असे गणित सांगते, प्रत्यक्षात पिशव्या भरणे, बाटल्या बदलणे आणि सांडणे धरून एक तास गेला. शौचाची जागा पाण्यापासून आणि तंबूंपासून किमान साठ मीटर दूर ठरवली, आणि तेथून परतताना हात धुण्यासाठी वाटेवरच्या झाडाला साबण आणि पाण्याची पिशवी बांधली. पिण्याच्या पाण्याविषयी लिहिताना साबणाचा उल्लेख अस्थानी वाटेल. तो तसा नाही, हे चौथ्या दिवशी कळले.

दुसरा दिवस

जंगल मागे पडले आणि आम्ही हिमनदीच्या पाण्यावर पोसलेल्या नदीच्या काठाने चालू लागलो. तिचे पाणी पातळ ताकासारखे दिसत होते. हिमनदी खडकावरून सरकताना खडक दळला जातो, त्याचे पीठ इतके बारीक असते की ते पाण्यात तासन् तास तरंगत राहते. हे सारे आम्हाला माहीत होते. तरीही दमून मुक्कामी पोहोचल्यावर लाल पाणक्याने जवळचे म्हणून नदीचेच पाणी पिशवीत भरले आणि मी ते पाहूनही गप्प राहिलो.

पहिले चार लिटर बरे आले. दुसऱ्या पिशवीला धार बारीक झाली, तिसऱ्या पिशवीला थेंब पडू लागले. अंधार पडत होता, आठ तहानलेली माणसे फिल्टरकडे पाहत उभी होती, आणि तहानलेल्या माणसांसमोर टांगलेला तुंबलेला फिल्टर हे दृश्य फार लवकर भांडणाकडे जाते. "थोडं तसंच प्यायलं तर काय होतंय?" हा प्रश्न दोघांनी एकाच वेळी विचारला.

तेव्हा सगळे थांबवून नीट सुरुवात केली. पक्क्या पाण्यातील एक लिटर फिल्टरमधून उलट दिशेने दाबून सोडले, म्हणजे तंतूंवर साचलेला गाळ निघाला. हे पाणी पक्केच हवे, कारण कच्चे पाणी उलट बाजूने सोडले तर फिल्टरची स्वच्छ बाजूच बाटते. मग स्वयंपाकाच्या मोठ्या भांड्यात नदीचे पाणी घेऊन त्यात चिमूटभर तुरटीची पूड टाकली, पाच मिनिटे सावकाश ढवळले आणि अर्धा तास हलवले नाही. तुरटीमुळे पिठासारखे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. वरचे निवळलेले पाणी चार पदरी सुती कापडातून हळूच पिशवीत ओतले, आणि धार पुन्हा सुरू झाली.

कापडाच्या घडीविषयी एक गोष्ट मी त्या वेळी वाट पाहणाऱ्यांना सांगितली. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील खेड्यांमध्ये जुन्या साडीच्या चार-आठ पदरी घडीतून पाणी गाळण्याची पद्धत शिकवली, आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. पटकीचा जिवाणू कापडाच्या छिद्रांहून कितीतरी लहान असतो, पण तो पाण्यातील सूक्ष्म प्लवकांना चिकटून राहतो आणि ती कापडात अडकतात. निम्मे रुग्ण कमी होणे ही खेड्यासाठी मोठी गोष्ट होती. मात्र उरलेला निम्मा धोका शिल्लक राहतोच, म्हणून आमच्यापुरते कापड हे फिल्टरच्या आधीचे साधन होते, फिल्टरच्या ऐवजी नव्हे.

जेवायला नऊ वाजले. नंतर विजेरी घेऊन फिरताना नदीला मिळणारा एक नितळ झरा सापडला, मुक्कामापासून अवघ्या सहा मिनिटांवर.

तिसरा दिवस

या दिवसाची चूक सर्वस्वी माझी. आदल्या रात्रीच्या उशिरामुळे फिल्टर तंबूबाहेर टांगलेलाच राहिला. पहाटे तंबूची चेन उघडली तेव्हा गवतावर दहिवर गोठलेले होते, पिशवीच्या तळाशी बर्फाची चकती जमली होती आणि नळी काठीसारखी कडक झाली होती.

पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा भिजला की त्याच्या आतील पाणी झटकून जात नाही. ते गोठताना प्रसरण पावते आणि तंतूंना तडे जातात. हे तडे डोळ्यांना दिसत नाहीत, आणि खरी पंचाईत अशी की असा फिल्टर बंद पडत नाही. उन्हात ठेवल्यावर आमचाही वितळला, आणि पाणी आदल्या दिवसापेक्षा अधिक जोरात येऊ लागले. "बघा, उलट सुधारला!" असे कोणीतरी आनंदाने म्हणाले. नेमकी तीच गोष्ट मला भीतीची वाटली. ओल्या, धड तंतूंतून तोंडाने फुंकलेली हवा पलीकडे जाऊ नये, असा एक ढोबळ कस आहे. मी फुंकर घातली तर पलीकडून बुडबुडे आले. त्यानंतर चर्चा फार वेळ चालली नाही. मोठ्या फिल्टरला सर्वांसमक्ष निवृत्त केले.

छोटा फिल्टर वाचला होता, कारण गटातील शिक्षिका बाईंनी तो सवयीने पिशवीत घालून झोपताना उबेला घेतला होता. पण एका छोट्या फिल्टरवर बत्तीस लिटर पिळणे म्हणजे दोन माणसांचे दोन तास. सारेच उकळायचे म्हटले, तर वारा नसताना एक लिटर पाण्याला १२ ते १५ ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे दिवसाला जवळजवळ दोन कॅनिस्टर, आणि आमच्याजवळ सव्वादोन उरले होते. कोणतेही एक साधन पुरणार नव्हते, म्हणून पाण्याचीच विभागणी केली. चहा, सूप आणि शिजवण्याचे पाणी उकळतेच, त्याला वेगळे शुद्ध करायचे नाही, फक्त पुरेसे उकळू द्यायचे. चालताना प्यायचे पाणी छोट्या फिल्टरमधून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लागणारे पाणी रात्री गोळ्या टाकून.

गोळ्यांना वेळ द्यावा लागतो, आणि घाईत नेमके तेच दिले जात नाही. क्लोरीन डायऑक्साइडने जिवाणू, विषाणू आणि जिआर्डिया यांचा बंदोबस्त साधारण अर्ध्या तासात होतो, पण क्रिप्टोस्पोरिडियमसाठी चार तास थांबणे आवश्यक असते आणि पाणी थंड असेल तर सगळेच मंदावते. आमची युक्ती अशी होती की रात्री आठ वाजता गोळी टाकलेली बाटली प्रत्येकाने झोपण्याच्या पिशवीत जवळ घ्यायची. पाणी गोठत नाही, उबेने गोळीचे काम नीट होते, आणि सकाळी सहापर्यंत दहा तास मिळतात. टाकल्यानंतर काही मिनिटांनी झाकण थोडे सैल करून बाटली उलटी धरायची, म्हणजे गोळीचे पाणी आट्यांवर येते. ओढ्यात बुडवलेल्या बाटलीच्या आट्यांत अडकलेला कच्चा थेंब थेट ओठालाच लागत असतो. चव न आवडणाऱ्यांसाठी जीवनसत्त्व 'क'ची पूड होती. ती घातली की औषधाची चव जाते आणि औषधही निष्प्रभ होते, म्हणून ती सकाळीच द्यायची, हे मी स्वतः पाहत होतो.

चौथा दिवस

खिंडीची उंची ४,१०० मीटर. तिच्या अलीकडच्या थांब्यावर बर्फ वितळवून चहा केला. भांड्याच्या तळाशी आधी थोडे पाणी ठेवून मगच बर्फ घालावा लागतो, नाहीतर तळ करपतो आणि चहाला जळका वास येतो. गटातील डॉक्टरांनी येथे चांगला प्रश्न काढला : या उंचीवर पाणी सुमारे ८६ अंशांनाच उकळते, मग ते पुरेसे आहे का? पुरेसे आहे. पाण्यातून पसरणारे रोगजंतू ७० अंशांच्या वर फार काळ टिकत नाहीत. सखल भागात खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट आणि २,००० मीटरच्या वर तीन मिनिटे, हा नियम सुरक्षिततेचे अंतर राखूनच केलेला आहे.

खिंड ओलांडून खाली उतरलो आणि संध्याकाळी धाकट्या सोबत्याला जुलाब सुरू झाले. सगळ्यांच्या नजरा प्रथम माझ्याकडे, मग पाण्याच्या बाटल्यांकडे वळल्या. गोठलेल्या फिल्टरचे पाणी कोणी प्यायले होते का? कोणी नाही. डॉक्टरांनी शांतपणे त्याला गेल्या दोन दिवसांचे खाणे विचारले आणि उत्तर सुक्या खाऊच्या मोठ्या पिशवीपाशी येऊन थांबले. खिंड चढताना ती पिशवी हातोहात फिरली होती. सोळा हात, त्यांतील किती धुतलेले हे कोण सांगणार? त्या सकाळी वारा फार होता म्हणून साबणाची पिशवी झाडाला, म्हणजे तेथे झाड नव्हतेच, तर काठीला बांधायची राहून गेली होती. पुरावा असा काही नाही, तरी मला हेच कारण पटते. त्या दिवसापासून खाऊ हात घालून नव्हे, तर तळहातावर ओतून घ्यायचा असा नियम झाला.

रुग्णासाठी ओआरएसची, म्हणजे जलसंजीवनीची, पुडी एक लिटर पक्क्या पाण्यात. पुडी नसेल तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा लहान, चहाचा. साखर चवीपुरती नसते. ग्लुकोजच्या सोबतीने आतड्यातून सोडियम आणि त्यामागून पाणी शोषले जाते, म्हणूनच नुसत्या पाण्याने जे होत नाही ते या द्रावणाने होते. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना असेच द्रावण पाजायला लावले, आणि तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. आमच्या सोबत्याचे दुखणे त्यापुढे किरकोळ होते. ताप नव्हता, विष्ठेत रक्त नव्हते, लघवी होत होती. यांपैकी काही बिघडले असते तर रात्रीच खाली न्यायचे असे डॉक्टरांनी ठरवून ठेवले होते. रात्रभरात त्याने घोट घोट करून अडीच लिटर घेतले. त्या पाण्यासाठी आम्ही गॅसचा हिशेब पाहिला नाही.

पाचवा दिवस

सोबती अशक्त, पण चालता. वाटेत एक सुंदर तळे लागले, काठाला हिरव्या रंगाची दाट साय. नकाशावर आमची पाणी भरण्याची जागा तीच होती. अशी साय नील-हरित शैवालाची असू शकते, आणि त्याचे विष उकळून जात नाही, आमच्या फिल्टरने किंवा गोळीनेही जात नाही. आमच्याजवळच्या कोणत्याही साधनाचा तेथे उपयोग नव्हता, तेव्हा मागे फिरून चाळीस मिनिटांवरच्या ओढ्यातून प्रत्येकी चार लिटर भरून घेतले आणि पुढची कोरडी डोंगरधार ओलांडली. ओझ्यामुळे सगळे कुरकुरले. रुग्णाचे चार लिटर काकांनी न विचारता आपल्या सॅकमध्ये टाकले.

सहावा दिवस

खाली उतरताना प्रथम गोठे, मग शेते, मग घरे दिसू लागली. पायवाट सोपी होत जाते तसे माणसांचे लक्ष ढिले पडते, आणि पाण्याच्या बाबतीत हा टप्पा सर्वांत वाईट असतो, कारण येथे विषाणूंचा प्रश्न उभा राहतो. वस्तीच्या खालच्या अंगाचे पाणी छोट्या फिल्टरमधून गाळले आणि वर गोळीही टाकली. आधी गाळायचे, मग गोळी, कारण गढूळ पाण्यात गोळीचा जोर गाळावरच खर्च होतो. एकाजवळ पाणी निर्जंतुक करणारी अतिनील किरणांची कांडी होती, ती त्याने मोठ्या उत्साहाने बाहेर काढली. थंडीने तिची बॅटरी पहिल्या मिनिटातच संपली. पाच दिवस ती त्याने बाहेरच्या खिशात वाहिली होती.

रस्त्याला लागलो तेव्हा साठांपैकी सहा गोळ्या शिल्लक होत्या आणि एका कॅनिस्टरमध्ये तळाशी थोडा गॅस हलत होता. निरोप घेताना डॉक्टरांनी सर्वांना सांगितले की पुढच्या तीन आठवड्यांत कोणाचे पोट बिघडले तर आपल्या डॉक्टरांना ही भ्रमंती आवर्जून सांगावी, म्हणजे ते तपासणीत परजीवींचाही विचार करतील. मी तारीख लिहून ठेवली आणि त्या दिवशी सगळ्यांना फोन केले. आठही जण ठीक होते.

गोठलेला फिल्टर मी परत आणला होता. सामान वाळवून ठेवताना तो फेकवेना, आणि नुसता ठेवायचीही भीती वाटली, कारण दिसायला तो अगदी नव्यासारखा होता. शेवटी त्याच्या दोन्ही टोकांना, निळ्या पट्टीच्या जागीसुद्धा, लाल पट्टी गुंडाळली.